नसीम मॅडमची खरखर

नसीम मॅडम गेल्या, हे त्यांचा धाकटा भाऊ युसूफ याने फोनवर सांगितले. त्या बीडला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. मी पहिल्यांदा भेटलो तो बातमीसाठी. ओळख पुढे टिकली.

ते दुष्काळाचे वर्ष होते... पाली गावाकडच्या एका सहकारी दूध संस्थेत दूधच येईना, तेव्हा तिचे टँकर पाणी वाहू लागले. टोकाच्या वस्तीला तीन वाटा होत्या. टँकर भरला की चालक रामकिसनला कार्यालयातून वायरलेसवर त्या दिवशीची वाट कळे. काही टोळकी तसाच सेट लावून ऐकत आणि नेमकी तीच वाट अडवून पाणी पळवत. सांकेतिक शब्दही फुटले. वस्तीतल्या साळूबाई कार्यालयात येऊन म्हणाल्या, "टँकर निघाल्याचं रोज कळतंय. आमी काय त्यो निरोप प्यावा?"

संस्थेने मॅडमना बोलावले. त्यांनी शब्दांना हात लावला नाही. कार्यालयाच्या गच्चीवर दोन जादा एरियल उभारल्या. निरोप जाताना दोन्हींतून एकच खरखर सुटे. पाणी भरण्याच्या जागी तिच्या लहरी एकमेकींना खोडून काढत, तिथे निरोप स्वच्छ पोचे. इतरत्र तो खरखरीत बुडे. त्यासाठी त्या भर उन्हात एरियल बोटभर सरकवत राहिल्या.

"ऐकणारे कुठे बसतात, ते कुठे ठाऊक आहे?" मी विचारले.

"कशाला हवंय? रामकिसन कुठं उभा असतो ते ठाऊक आहे ना?"

तरी पहिल्याच दिवशी टँकर लुटला गेला. निरोप ऐकून रामकिसन अदबीने उत्तरला होता, "व्हय साहेब, मधल्या वाटंनं निघालो." त्याच्या उत्तराभोवती खरखर नव्हती; ते टोळक्याने ऐकले.

"तू फक्त ऐकायचं," मॅडम म्हणाल्या.

"मोठ्या मान्साला हूं बी न्हाई म्हनायचं?"

"नाही म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर सेट घेऊन थांबलो. सरीवर सरी कोसळाव्यात तसा आवाज, शब्द एकही नाही. माणसाच्या आवाजाला हवेतच असे कुंपण घालता येते, यावर माझा विश्वास बसेना. टँकर वस्तीवर भरलेला पोचला. रामकिसन हसत उतरला. "त्यान्ला निस्ता पाऊस ऐकू आला, मॅडम. पानी आपल्याकडं!" साळूबाई घागर लावून बसल्या.

परवा युसूफने मला मॅडमच्या खोलीत नेले. खिडकीशी जुना सेट होता. टँकर चालू होते तोवर निरोपाच्या वेळी त्या तो लावून बसत, घरबसल्या काही कळते का ते तपासायला. युसूफने बटण फिरवले. खरखर सुरू झाली.

"एवढंच ऐकू आलं," तो म्हणाला, "की आपा उठून चहा टाकायची."