मामांचा पार्ट टू

बसपुढे उसाची ट्रॉली दिसली की आमच्या स्टोअरमामांच्या गोष्टीत एक मारामारी वाढायची, आणि रस्ता मोकळा असला की हिरो-हिरॉइनचं लग्न दोन वाक्यांत उरकायचं. चौफुल्याहून रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रोज सकाळी ते सिनेमा सांगत. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट त्यांची. तिच्यावर उलटे बसून, तोंड आमच्याकडे करून ते अख्खी बस जागी ठेवायचे. गोष्ट तोडायची ती कंपनीच्या गेटवरच, एक मिनिट आधी नाही की नंतर नाही.

मामा दौंड तालुक्यातल्या खुटबावचे, कंपनीत स्टोअरकीपर. चिठ्ठीशिवाय साधा नट न देणारा माणूस. गोष्टीतही तसाच कडक. रविवारी पुण्याला जाऊन सिनेमा बघायचा आणि सोमवारी आधी खिशातलं तिकीट सगळ्यांना दाखवायचं. "तिकीट फाटल्याबिगर तोंड उघडत न्हाई आपण," असं म्हणून मग सुरुवात. आम्हा बाकीच्यांचा रविवार उसाला पाणी धरण्यात नाहीतर धुणं-दळणात जायचा. त्यामुळे आमचं थिएटर म्हणजे मामाच. मी क्वालिटीत होते, शंका घेण्याचाच मला पगार मिळायचा. पण मामांचं तिकीट मी कधी हातात घेऊन तपासलं नाही.

अंतराळातल्या एका सिनेमाचा पहिला भाग त्यांनी असाच सांगितला होता. शेवटी यान निघून जातं आणि एक इंजिनिअर बाई परग्रहावर एकटीच मागे राहते. तीन वर्षं आमची बस त्या बाईच्या काळजीत होती. वेल्डिंगचा संतोष तर स्वतःच्या बहिणीची चौकशी करावी तसा अधूनमधून तिची चौकशी करायचा. दुसरा भाग आला तो नेमका मामांच्या रिटायरमेंटला सहा आठवडे राहिले असताना. "बाईला घरी आणतो, मंग मी घरी जातो," मामांनी भर बसमध्ये जाहीर केलं.

पहिल्या रविवारी मामांच्या भावकीत लग्न निघालं. दुसऱ्या रविवारी न राहवून मी नवऱ्याला घेऊन तोच सिनेमा बघायला पुण्याला गेले, तर तिकीटखिडकीपाशी मामा उभे. शो रद्द झाला होता, कारण एवढ्या मोठ्या थिएटरात प्रेक्षक आम्ही तिघंच. पिक्चर सपशेल पडला होता आणि दुसऱ्या दिवसापासून तिथून उतरणार होता. मामांनी पोस्टर नीट बघून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, बसमधी बोलू नगा."

सोमवारी त्यांनी खिशातून कागद काढला, लांबूनच हलवला आणि झटकन परत ठेवला. ती मॉलच्या पार्किंगची पावती होती. माझ्याशिवाय ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि गोष्ट सुरू झाली.

त्या ग्रहावर म्हणे पाण्याची पाळी ठरलेली होती. वरच्या अंगाचे लोक खालच्यांना पाणी सोडत नव्हते. दोन घराण्यांचा बांधावरून तीनशे वर्षांचा वाद होता. आणि आमची बाई, पडलेल्या यानाचं इंजिन उतरवून, खालच्यांसाठी पंप बसवत होती. हा ग्रह दौंड तालुक्यात कुठं येतो ते मला कळत होतं. पण सगळी बस पुढे वाकून ऐकत होती. मामा इतके रंगलेले मी कधी पाहिले नव्हते.

कँटीनला जाताना त्यांनी मला गाठलं. "ताई, पिच्चर घरी टीव्हीवर कवा येतो?"

"साधारण आठ आठवड्यांनी येतात, मामा."

त्यांनी बोटांवर मोजलं आणि खुदकन हसले. "म्हंजी आधी मी घरी, मंग पिच्चर घरी. मंग कोन इचारतंय?"

तरी त्यांना धाकधूक होतीच. चाललेला सिनेमा घरी उशिरा येतो, पडलेला लवकर, हे मीच त्यांना सांगून बसले होते. मग रोज एकच प्रश्न, "कलेक्शन काय म्हनतंय?" निर्मात्याला नसेल एवढी काळजी मामांना. पुण्या-मुंबईत जिथं कुठं चालू असेल तिथं हाउसफुल व्हावा अशी त्यांची इच्छा. "लोकांनी बघावा," ते कुजबुजत, "पर आपल्या बसवाल्यांनी न्हाई."

लोकांनीही बघितला नाही. चौथ्याच शुक्रवारी सिनेमा घरोघरी हजर. दुपारी डबा खाताना मी मोबाइलवर मामांना दाखवलं. त्यांनी हातातली भाकरी परत डब्यात ठेवली. "पिच्चर माझ्याआधी रिटायर झाला की," ते म्हणाले, पण हसू काही आलं नाही. "येकोणीस वर्सं तिकीट दाखवलं, ताई. आता जाताना खोटा म्हणून उतरायचं." मला त्यांची फार दया आली, आणि स्वतःचा रागही. त्या सोमवारीच मी त्यांना अडवायला हवं होतं.

पुढच्या सोमवारी मामा बसमध्ये चढले आणि खाली मान घालून थेट मागच्या सीटवर जाऊन बसले. बस पारगावच्या पुलावर आली. मग ड्रायव्हर बापूंनी आरशात बघत आवाज दिला, "मामा, त्या पंपाचं काय झालं?"

"घरी पिच्चर बघितला न्हाई व्हय?" मामांचा आवाज जेमतेम निघाला.

"बघितला की. त्यात पंपच न्हाई. म्हणून तर तुमाला इचारतोय."

"त्यातली बाई पंधरा मिंटात मरती, मामा," संतोष म्हणाला. "आपली जिती हाय ना?"

मामा उठले. एकेक सीट धरत पुढं आले, आणि उलटे बसले. "जिती हाय," ते म्हणाले. "पर पंपात हवा धरलीया, पानी चढंना."

निरोपाच्या दिवशी नेमका रस्ता मोकळा. एक ट्रॉली आडवी येईल तर शपथ! गेट आलं तेव्हा बाई अजून यानाच्या शिडीवरच होती. मामा सवयीप्रमाणे थांबले. पण बापूंनी ब्रेक मारलाच नाही. बस गेटवरून पुढं गेली आणि एमआयडीसीला दोन चकरा मारून आली. दुसऱ्या चकरेत बाई आपल्या गावात उतरली, आणि संतोष रुमालाने उगाचच काच पुसत बसला.

आम्ही सगळे वीस मिनिटं लेट झालो. लेट रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'गोष्ट संपली नव्हती.' माझ्याखाली सगळ्यांनी 'वरीलप्रमाणे' लिहून सह्या केल्या. साहेबांनी ते वाचलं, कपाळाला हात लावला आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या मामांना म्हणाले, "तुमचा इतक्या वर्षांत एकही लेट मार्क नाही. आज शेवटचा दिवस, तुमचा तेवढा मी काढून टाकतो."

"नगं साहेब, ऱ्हाऊ द्या," मामा सही करत म्हणाले. "ह्यो कमावलेला हाय."