सासऱ्यांचा टीव्ही आणि माझी परिषद

ही गोष्ट सांगायला घेतली की माझी मैत्रीण आधीच हसायला लागते. तुम्ही निदान अर्ध्यापर्यंत तरी हसू नका, कारण मी हसत नव्हते. लग्नानंतरचे पहिले काही महिने मी नुसती धुमसत होते, आणि जी माती खाल्ली ती त्या धुमसण्यातच खाल्ली.

लग्न झालं आणि मी वसईच्या खाडीकाठच्या आमच्या गावातून विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आले. अंतर काही फार नाही, पण घरं वेगळी. सासरचे मूळचे साताऱ्याकडचे. फ्लॅट म्हणजे एक हॉल, एक बेडरूम, एक किचन, आणि त्या हॉलमधल्या दिवाणावर कायमचे बसलेले माझे सासरे. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ताठ पाठ, भरघोस मिशा, हातात पेपर.

हा माणूस माझ्याशी बोलायचाच नाही.

निघताना आईनं बजावलं होतं, "सासऱ्याच्या तोंडाकडं बघून बोलू नको हां. कोन काय म्हनंल." मी मुळातच हळू बोलणारी, त्यात ही ताकीद. मग किचनच्या दारात उभी राहून, मान खाली घालून मी विचारायची, "बाबा, चहा आणू?" पेपर हलायचा नाही. पुन्हा विचारलं की पेपरचं पान उलटायचं. तेवढ्यात सासूबाई त्यांच्या पुढ्यात जाऊन, खालच्या मजल्याला कळेल अशा आवाजात म्हणायच्या, "अवो, च्या घेताय का?" की लगेच उत्तर, "आण की."

म्हणजे बायकोला उत्तर मिळतं, मुलाला मिळतं, दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्याशीसुद्धा हवापाण्याच्या गप्पा होतात. फक्त सुनेनं विचारलं की पेपर. राग येईल की नाही?

या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. ती साताऱ्याकडची रीत असावी, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बघा, किती हुशार मुलगी!

माझा अंदाज असा होता की बाबांना माझी नोकरी खुपतेय. मी मुंबईत एका हॉस्पिटलात कान तपासते. पेशंटला एका छोट्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक-मोठे आवाज सोडायचे, आणि ऐकू आलं की बोट वर करायला सांगायचं. सून नऊवारी नेसून घरात बसावी, अशी यांची अपेक्षा असणार. बोलायची हिंमत नाही, म्हणून हा मुका मार.

मग मीही सुरू केलं. तोंडावर बोलायची सोय नव्हती, म्हणून पोळ्या लाटताना, भांडी लावताना, केर काढताना मी पुटपुटायला लागले. "आले मोठे सुभेदार," हे त्यातलं सगळ्यात सभ्य. बाकीचं इथे लिहीत नाही, माझे भाऊ वाचतील.

नवऱ्याला सांगून पाहिलं. सुहास म्हणाला, बाबा पहिल्यापासून तसेच आहेत. हे "तसेच आहेत" म्हणजे काय असतं? भिंतीला ओल येते तशी माणसं "तशीच" असतात का? एका रात्री मी स्पष्ट सांगितलं, मला वेगळी खोली बघ. तुळिंजला, पत्र्याची असली तरी चालेल. तो म्हणाला, बाबांना विचारतो. मी म्हटलं, विचार बाबा, तुला निदान उत्तर तरी मिळतं.

अशातच ती परिषद आली.

आजी-माजी सैनिकांच्या आरोग्यावरची संशोधन परिषद, पण जायचं कुठेच नाही. आपापल्या घरच्या, नाहीतर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून बोलायचं आणि ऐकायचं. आमच्या घरात हे एवढं नवं होतं की सासूबाईंनी विचारलं, मग जेवण कोण देणार? आमच्या मॅडम बोलणार होत्या. ऐनवेळी त्यांच्या घरी लग्न निघालं आणि त्या मला म्हणाल्या, माणसं तू तपासलीस, बोलही तूच. चार लोकांत बोलायची मला सवय नाही, तरी हो म्हटलं. हे धड झालं असतं तर घरात माझी किंमत कळली असती ना.

विषय होता, तोफा-बंदुकांच्या आवाजानं सैनिकांच्या कानांचं पुढे काय होतं.

हो, तोफांच्या. तुम्हाला जे आत्ता कळलं ते मला एवढे महिने कळलं नव्हतं, आणि अजूनही थोडा वेळ कळणार नाहीये. तेव्हा गप्प ऐका.

कॉम्प्युटर हॉलमध्ये, फोनच्या वायरीपाशी. माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे दिवाण, समोरच्या कोपऱ्यात टीव्ही. शनिवारी बाबा खिडकीशी उभे राहून मिशीला कात्री लावत होते. मी त्यांच्या पाठीमागून, नेहमीच्या मर्यादेनं सांगितलं, "बाबा, उद्या माझं भाषण आहे. तेवढा वेळ टीव्ही लावू नका." कात्री चालूच. मी आत जाऊन सुहासला बजावलं, उद्या टीव्ही लागला, तर संध्याकाळी आपण तुळिंजला खोली बघायला जायचं. तो बिचारा मान हलवून मोकळा झाला.

रविवारी सगळा बंदोबस्त केला. कुकर लावायचा नाही, बेल काढून ठेवली, सासूबाई बेडरूममध्ये, सुहास किचनमध्ये. बाबा दिवाणावर पेपर घेऊन होते. माझी पाळी आली. कॅमेऱ्यात मी, छान कॉटनची साडी, नेहमीचा हळू आवाज. सहा-सात चौकटींत मोठी मोठी माणसं. अध्यक्ष होते पुण्याचे एक म्हातारे कर्नल, लष्करातले डॉक्टर.

दोन वाक्यं झाली आणि टीव्ही लागला.

लागला म्हणजे कसा? क्रिकेटची मॅच, आणि आवाज असा की स्टेडियम आमच्या हॉलमध्ये हलवलंय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एरवी चार-चार तास जाणारी विरारची वीज, ती मेली त्या दिवशी गेली नाही! वळून बघायचं नाही असं मी ठरवलं. सुहास दारात येऊन हातवारे करत होता, तिकडेही बघितलं नाही. दात-ओठ खात, टीव्हीच्या वर आवाज चढवून मी बोलत राहिले. रागानं माणसाला भाषण येतं, हे मला त्या दिवशी कळलं. ठणकावून सांगितलं मी सगळ्यांना, की अशा माणसांचे आधी बारीक आवाज हरवतात, विशेषतः बायकांचे. समोरून बोललात तर ते चेहऱ्यावरून ओळखतात, पाठीमागून बोललात तर पत्ता लागत नाही. टीव्ही मोठ्यानं लावतात. घरातले नकळत ओरडून बोलायला लागतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, घरच्यांना वाटतं की माणूस हेकट झालाय.

चौकटीतले कर्नल चष्मा काढून पुढे वाकले. परिषद इंग्रजीतली, पण तेवढं ते मराठीत बोलले.

"बाळ, तुझ्या मागे बसलेत ते कोण?"

"माझे सासरे, सर. सॉरी सर, मी सांगितलं होतं त्यांना."

"पाठीमागून सांगितलं होतंस का?"

मी मान डोलावली.

"कुठल्या युनिटात होते?"

"तोफखान्यात," मी म्हटलं. आणि तो शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडताना मी ऐकला.

कर्नल हसले नाहीत. बाकीच्या चौकटी हसल्या. एका बाईंनी तर तोंडाला रुमाल लावला. "यांना तपासलंस की नाही?" कर्नलनी विचारलं. मी नाही म्हटलं. पुढचं भाषण कसं संपवलं ते मला विचारू नका.

कॉम्प्युटर बंद केला. पहिल्यांदाच त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ओरडले, "बाबा, टीव्ही बंद करू?"

"कर की," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की मला रडू फुटलं. मग म्हणाले, "बस. सुहास बोलला मला, तुला वेगळी खोली पाहिजे म्हणून. बरोबर हाय तुझं, घ्या खोली."

मी दिवाणाच्या कडेला टेकले.

"मी रोज बघतोय की. पोळ्या करताना, भांडी लावताना, सारखे ओठ हलत असतात तुझे. एवढा जप करणारी पोरगी मी नाही बघितली. म्हणून तर मी मधे बोलत नव्हतो. या गोंगाटात देवाचं नाव कसं घेणार तू?"

किचनच्या दारात सुहास गुडघ्यात वाकून हसत होता. तो जप त्याला पाठ होता.

खोली घेतली नाही. दुसऱ्याच आठवड्यात बाबांना आमच्या हॉस्पिटलात नेलं, हेडफोन चढवले, आवाज सोडत राहिले, आणि पुष्कळ वेळ बोट वर झालं नाही. त्या छोट्या खोलीच्या काचेअलीकडे बसून मला स्वतःचा जेवढा राग आला, तेवढा आजवर कोणाचाच आला नव्हता. कानाला यंत्र बसवलं. आता बाबांना सगळं ऐकू येतं, किचनमधलंसुद्धा.

परवा मी कणीक मळत होते, तोंड घट्ट मिटून. हॉलमधून आवाज आला. बाबा सासूबाईंना विचारत होते, आणि आवाजात खरी काळजी होती.

"अगं, हे कानाचं आणल्यापासून पोरीचा जप बंदच झालाय. देवावरची श्रद्धा उडाली का काय तिची?"