खोली देणारी माणसं

देणगीदारांची नावं विचाराल तर मी अडखळेन, पण त्यांच्या घरचे किस्से नको म्हटलं तरी साठत गेले. नव्वदच्या दशकात बंगलोरच्या आम्ही काही मराठी मंडळींनी शाळा काढली. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरायचे. पक्क्या खोल्यांसाठी मी, सुलभाताई आणि इथेच जन्मलेले गोपाळअण्णा रविवारी दारोदार हिंडायचो. काही घरांतून निघताना अंगावर काटा असायचा, हसू नका!

*

पहिला चेक मल्लेश्वरमच्या एका वकिलांचा. शाळेचं नाव तेव्हा ठरायचं होतं. ताईंना एक हवं, अण्णांना दुसरं, भांडण रंगात आलेलं. आम्ही तोंड उघडायच्या आत वकिलांनी लिहून ठेवलेला चेक पुढे केला. त्यावर तिसरंच नाव!

"हेच ना तुमच्या शाळेचं?"

अण्णा चेककडे बघत म्हणाले, "सरी सर, बरोबर, हेच."

आजही शाळेचं नाव तेच आहे. चेक परत कोण करणार!

*

जयनगरच्या गोदूअक्कांनी स्वतःच्या नावाने खोली दिली. म्हणाल्या, "पाटीवर 'कै.' आत्ताच घाला. मागाहून कारागीर बोलवायला माझं कोण आहे?"

"अक्का, तुम्ही तर ठणठणीत आहात!"

"स्वल्प थांबा."

उद्घाटनाला त्या पाटीखालीच खुर्ची टाकून बसल्या. पाहुणे पाटी वाचून हात जोडायचे, आणि अक्का प्रत्येकाला उलट नमस्कार करायच्या. एक गृहस्थ तर चहा न घेताच गेले.

*

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारांच्या ऑफिसात मी रिकाम्या खुर्चीत बसायला गेलो. "तिथे नको, पार्टनर आहेत." पार्टनर वारून बरीच वर्षं झाली, हे अण्णांनी माझ्या कानात सांगितलं.

आमचं ऐकून साहेब खुर्चीकडे वळले. जरा वेळ ऐकत राहिले, मग मान हलवली. "मी बाकं देणार होतो. तो म्हणतो, खोलीच दे."

निघताना ताईंनी आधी खुर्चीला नमस्कार केला. मी डोळे मोठे केले तर म्हणाल्या, "का? खोली कोणी दिली?"

*

आता कोरमंगलाचा किस्सा. सातवीचा वर्ग तेवढा शेडमध्ये उरला होता आणि शेडवाला जागा मागत होता. ताईंच्या घरी एका बाईंचा फोन आला. "खोलीसाठी उद्या चारला या. हे घरीच असतात." पत्ताही नीट सांगितला.

दार एका निवृत्त इंजिनिअरांनी उघडलं. आम्ही शाळेच्या खोलीचं काढलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वहिनींनीच फोन केला ना काल," ताई म्हणाल्या.

ते आम्हाला आत घेऊन गेले. वहिनी पलंगावर होत्या. झटका आल्यापासून तीन वर्षं त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. हातही उचलत नव्हता. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"काहीतरी घोटाळा..." मी सुरुवात केली. त्यांनी मला थांबवलं आणि ताईंना विचारलं, "आवाज कसा होता?"

"जरा बसका," ताई चाचरत म्हणाल्या. "आणि ठेवताना 'बरं का' म्हणाल्या."

"'बरं का' म्हणाली?" ते खुर्चीत बसलेच. "अजून काय म्हणाली?"

ताईंनी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "खोली माझ्याकडून."

आम्ही दारात चपला घालत होतो. आत ते पलंगाशी वाकले होते.

"मी इथे उशाशीच असतो ग. मला एक हाक नाही मारलीस?"