दोन बोटं माया

शिलाईच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत, चिंध्या आणि किस्से. चिंध्या निदान उशीत भरता येतात. किस्से तसेच पडून राहतात आणि कुणी चहाला बसलं की एकेक बाहेर येतो. खाली सांगते ते सगळे एकाच वर्षातले, माझी चिमी झाली त्या वर्षातले. चिमी आता शाळेत जाते, त्यामुळं सांगायला हरकत नाही.

दुकान बजाजनगरात. मी आणि शबानाआपा, दोघींचं मिळून. आपा रोज छावणीतून येतात. तीन लेकरांची आई, आणि मशीनवर माझ्या आधी पंधरा वर्षं बसलेल्या.

माझं बाळंतपण माहेरी, पिशोरला झालं. आईनं डिंकाचे लाडू, शिरा, तुपातली खीर असं सव्वा महिना नुसतं भरवलं. तीन महिन्यांनी मी दुकानात परत आले. चिमीला सांभाळायला माझ्या सासूबाई गावाहून आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य शेळ्या-मेंढ्यांमागं गेलेलं. दुकानाच्या मागच्या खोलीत चिमीची झोळी बांधली आणि झोळीला झोका देत आत्याबाई बसल्या.

पहिल्याच दिवशी एक जुन्या ओळखीच्या बाई ब्लाउज टाकायला आल्या. पोरगी कशी आहे, नाव काय ठेवलं, काही नाही. मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "सविता, किती सुटलीस गं. कंबर चाळिसाच्या पुढं गेली असंल."

मी काही बोलणार तोच आपांनी मशीन थांबवलं.

"बाजी, टेप मेरे गले में है. नाप तुम कायकू लेरे?"

बाई ब्लाउज मात्र टाकून गेल्या.

* * *

आपांनी तोंड बंद केलं खरं, पण माझ्या मनातलं काही बंद झालं नाही. दिवसभर दुसऱ्यांचे ब्लाउज अंगाला बसवून द्यायचे आणि घरी आलं की स्वतःचा एकही चढायचा नाही.

हे बरोबर हेरलं ते आमच्या मागच्या गल्लीतल्या कोचताईंनी. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण वजन कमी करायची पावडर विकायला लागल्यापासून सगळ्या गल्लीत त्या कोचताईच झाल्या. एक दिवस डबा घेऊन दुकानात आल्या. सकाळी जेवणाऐवजी एक ग्लास, संध्याकाळी जेवणाऐवजी एक ग्लास. महिन्यात आठ किलो जाणार.

मी विचारलं, "मी अंगावर पाजते. चालेल का?"

"काही होत नाही गं. एकदम नॅचरल आहे."

आपा तोंडातला दोरा तोडत म्हणाल्या, "धतूरा भी नॅचरलच रहता."

डबा मी घेतला नाही. पण एक कबूल करते, तो घ्यावासा मला वाटला होता.

* * *

डबा नाही घेतला, मग मी माझंच डोकं चालवलं. कुणाला न सांगता भाकरी बंद केली. सकाळी बिनदुधाचा चहा, दुपारी काकडी, रात्री "दुकानात खाल्लंय" असं सांगून नुसतं वरणाचं पाणी. आठ दिवस हे चाललं. डोकं दुखायचं, मी म्हणायचे उन्हानं दुखतंय. चिमी संध्याकाळची दोन घोट ओढायची, सोडायची आणि रडायची. मी म्हणायचे तिला दात येत असतील. तीन महिन्यांच्या पोरीला!

नवव्या दिवशी बाही जोडताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि सुई माझ्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली. ओरडायचंही त्राण नव्हतं. आपांनी मशीनचं चाक हातानं उलटं फिरवून सुई वर काढली, बोट फडक्यात धरलं आणि एवढंच विचारलं, "आज क्या खाई?"

"काकडी," मी म्हटलं.

आत्याबाई मागून उठून आल्या. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "शेळीचा पाला बंद करायचा आन् भांडं घिऊन धार काढाया बसायचं, आसं आमच्यात येडं माणूसबी करत नाय."

त्या दिवशी मला आपांच्या डब्यातली अंडा-भाजी आणि दोन भाकरी खायला लावल्या. चव अजून लक्षात आहे.

* * *

त्याच आठवड्यात चिमीला लस द्यायची होती. लसीकरणाला ज्या सिस्टर होत्या त्यांनी चिमीचं वजन केलं, कार्डावर वजनाचं टिंब काढलं, मग माझ्या पट्टी बांधलेल्या बोटाकडं बघितलं.

"हे काय झालं?"

मी सगळं सांगितलं. खोटं बोलायची शक्ती संपली होती.

"आणि आज सकाळपासून काय खाल्लंय?"

"घाईत निघाले. चहा."

सिस्टरनी इंजेक्शन परत ट्रेमध्ये ठेवलं. टेबलाखालून स्वतःचा डबा काढला, पोळीत मेथीची भाजी घालून सुरळी केली आणि माझ्या हातात दिली. मागं वीसेक बायका लेकरं घेऊन उभ्या. एकीनं कुरकुर केली तर सिस्टर म्हणाल्या, "थांबा दोन मिनिटं. हिच्या पोरीला सुई टोचली की ती रडत आईकडंच जाणार प्यायला. बंद दुकानात गिऱ्हाईक पाठवू का मी?"

मी वीस बायकांसमोर उभ्यानं पोळी खाल्ली. लाज वाटली, पण भूक जास्त होती.

मग त्यांनी साधं सांगितलं. जेवण तोडायचं नाही. भाकरी, वरण, उसळ, पालेभाजी, दही, चालत असेल तर अंडं, हे पोटभर खायचं. तोडायचं ते वरचं: दिवसाला चार लाडू, चहाबरोबरची खारी, संध्याकाळचं फरसाण. पाणी तहान लागेल तसं प्यायचं. रोज चालायचं, हळूहळू वाढवत. पावडर, गोळी, कसला काढा, काही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

"आणि उतरणार किती?" मी विचारलं.

"महिन्याला किलो-दीड किलो उतरलं तरी बास. नाही उतरलं एखाद्या महिन्यात, तर नाही उतरलं. पोरगी वाढतेय का, ते बघायचं."

मी ठरवलं, हेच करायचं. कुणी काही म्हणो.

* * *

म्हणणारे थांबले नाहीत. अर्धे म्हणायचे, बाळंतीण आहेस, खा. अर्धे म्हणायचे, बाळंतीण आहेस म्हणून किती खायचं? पिशोरहून आईनं लाडवांचा मोठा डबा पाठवला. दिवसाला एकच खाते म्हटलं तर ती फोनवर रुसली. "एवढं तूप घातलं, कुणासाठी?"

आईला दुखवायचं नव्हतं आणि चार लाडूही खायचे नव्हते. मग मी तो डबा दुकानात कटिंगच्या टेबलावर ठेवला. कुणी आलं आणि म्हणालं, "सविता, जाड झालीस," की मी लगेच म्हणायचे, "व्हय ताई, आधी लाडू घ्या." आणि अख्खा लाडू हातात द्यायचे. आईच्या लाडवात डिंक आणि खारीक भरपूर. तो चावून संपेपर्यंत माणसाला बोलता येत नाही.

पंधरा दिवसांत डबा संपला. आईला कळवलं की लाडू सगळ्यांना फार आवडले. ती खूश झाली आणि तिनं दुसरा डबा पाठवला.

* * *

आता मंगलचं सांगते. मंगल आमच्या शेजारच्या गल्लीत राहायची. इतकी गरीब स्वभावाची की भाजीवाल्यानं सडका टोमॅटो पिशवीत टाकला तरी न बोलता घेऊन जाईल. तिचं पोरगं चिमीच्या बरोबरीचं, चार महिन्यांचं.

एक दिवस ती ब्लाउज आवळायला घेऊन आली. ओळखू येईना एवढी उतरली होती. तिनं कोचताईंचा डबा घेतला होता.

ब्लाउज शिवताना आम्ही शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडतो, पुढं अंग भरलं तर उसवून मोठा करता यावा म्हणून. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. मंगल म्हणाली, "आपा, आतली माया कापूनच टाका. मला परत जाड व्हायचंच नाही."

"दबाके देती. काटती नै."

"ब्लाउज माझा आहे ना, आपा?"

"हौ, तेरा है. कैंची मेरी है."

एवढं होईपर्यंत तिचं पोरगं एकसारखं रडत होतं, मूठ चोखत होतं. आत्याबाईंनी त्याला उचललं, हातावर तोललं आणि हळूच म्हणाल्या, "मंगल, ह्यो लई हलका लागतोय गं."

मंगलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. महिनाभर दोन्ही वेळा जेवणाऐवजी ती तो ग्लास पीत होती. दूध आटत चाललेलं तिला कळत होतं. पण सगळे म्हणत होते, छान दिसतेस. लग्न झाल्यापासून तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला सिस्टरकडं घेऊन गेले. पोराच्या कार्डावरचं वजनाचं टिंब महिनाभर वर सरकलं नव्हतं. सिस्टर रागावल्या नाहीत. डॉक्टरांना पोरगं दाखवलं, डबा बंद करायला लावला, तीन वेळा पोटभर जेवायला आणि पोराला परत परत अंगाला लावायला सांगितलं, आणि दर आठवड्याला वजनाला बोलावलं. पहिल्या आठवड्यात फारसं काही झालं नाही. मंगल घाबरली. दुसऱ्या आठवड्यात टिंब जरासं वर गेलं. तिसऱ्या आठवड्यात पोरगं दूध पिऊन तिच्या मांडीवर झोपून गेलं, आणि ती अर्धा तास न हलता तशीच बसून राहिली. पाय बधिर झाले तरी.

त्यानंतर ती तोच ब्लाउज घेऊन आली. "आपा, दोन किलो परत आले. आत माया आहे ना अजून?"

"है ना," आपा म्हणाल्या आणि ब्लेडनं शिवण उसवायला घेतली.

* * *

मग आम्ही चालायला लागलो. मी, मंगल आणि पाठीला बाक आलेल्या आत्याबाई. जुन्या सुती साड्यांच्या मी दोन झोळ्या शिवल्या आणि पोरं छातीशी बांधली. जवळच्या कंपनीची दुसरी शिफ्ट आत गेली की रस्ता मोकळा व्हायचा. एक दिवस आपाही आल्या.

मोटरसायकलवरच्या एकानं वेग कमी करून विचारलं, "काय मावशी, मोर्चा आहे का?"

"हौ," आपा म्हणाल्या. "आजा, झंडा पकड."

वर्षभरात माझं वजन हळूहळू उतरलं, सगळं नाही. जे राहिलं ते राहिलं. त्याच्या मापाचे ब्लाउज मी शिवून घेतले, आणि गळे चांगले फॅशनचे ठेवले.

* * *

शेवटचा किस्सा कोचताईंच्या कार्यक्रमाचा. त्यांनी एका रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात वजनाचं मोफत शिबिर ठेवलं. त्याचं पोस्टर आमच्या दुकानासमोरच्या खांबाला लागलं. पोस्टरवर मंगलचे दोन फोटो होते, एक आधीचा, एक नंतरचा. नंतरचा तो त्याच महिन्यातला, पोरगं उपाशी होतं तेव्हाचा. तिला न विचारता लावलेला.

मी म्हटलं, "चल, आत्ताच जाऊन काढायला लावू."

मंगल म्हणाली, "नको. रविवारी स्टेजवर बोलवलंय त्यांनी मला. जाते मी."

मला वाटलं ही नेहमीसारखी गप्प बसून येणार. तरी मी, आपा आणि आत्याबाई गेलो आणि पुढच्याच रांगेत बसलो. मंडप भरलेला. बायका, त्यांचे नवरे, गल्लीतले दोन-चार प्रतिष्ठित. कोचताईंनी मंगलला वर बोलावलं. ती पोराला कडेवर घेऊन चढली आणि खुर्चीवर बसली. कोचताईंनी तिच्यापुढं माइक धरला. "मंगलताई, सगळ्यांना सांगा, एका महिन्यात किती किलो गेले?"

पोरगं कुरकुरलं. मंगलनं माइककडं बघितलं, पोराकडं बघितलं. मग खांद्यावरचा पदर पुढं ओढून घेतला आणि पोराला अंगाला लावलं. एवढ्या लोकांसमोर, स्टेजच्या मधोमध. कोचताई हसत हसत म्हणाल्या, "मंगलताई, आधी एवढं सांगून टाका ना."

मंगलनं मान जराशी पुढं केली आणि माइकमध्ये शांतपणे म्हणाली, "थांबा. इथं जेवण चाललंय."

पोरगं आधी एका बाजूनं प्यालं. मग दुसऱ्या बाजूनं.