सतरा नंबर ऐकणारे काका

त्या प्रकरणाची फाईल केव्हाच रेकॉर्ड रूमच्या तळाशी गेली, मीही निवृत्त झालो. पण ते आठवले की अजून आधी डोके तापते आणि मग थकवा येतो.

मी न्यू जर्सीतल्या एका उपनगरात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. जर्सी सिटीपासून गाडीने तासाभरावरचे गाव. या देशात आलो तेव्हा पेट्रोल पंपावर उभा राहिलो. नागरिकत्व मिळाल्यावर, तिशी उलटून गेलेली असताना, पोलीस अकादमीत माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरांबरोबर धावलो. कोणी हाताला धरून वर नेले नाही. लेफ्टनंटच्या बढतीसाठी दोनदा मुलाखत दिली आणि दोन्ही वेळा एकच शेरा मिळाला: 'रेडिओवरचे बोलणे स्पष्ट नाही.' माझ्या सांगण्यावरून एकही गाडी कधी चुकीच्या पत्त्यावर गेली नव्हती. पण शेरा तो शेराच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते येणार आहे.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत आमच्या हद्दीत घरफोड्या सुरू झाल्या. सगळ्या शनिवारी दुपारी, सगळ्या भारतीय घरांत. घरचे लोक कुठेतरी बारशाला, डोहाळजेवणाला, मंडळाच्या कार्यक्रमाला गेलेले असायचे. पहिल्या घरातून सोने गेले आणि मागे ठसासुद्धा राहिला नाही. दुसऱ्या घरी शेजारणीला परसात माणूस दिसला, तिने लगेच फोन केला. आमची गाडी दोनच गल्ल्या पलीकडे होती. सायरनही वाजवला नव्हता. तरी गाडी पोचण्याआधी माणूस पसार, अर्धे दागिने जिन्यात सांडलेले. म्हणजे आमचा रेडिओ त्याच्यापर्यंत पोचत होता.

त्या काळी आमचे चॅनल उघडे होते. दुकानातून स्कॅनर आणून कोणीही ऐकू शकत असे. घरात बसून छंद म्हणून ऐकणे हा आमच्याकडे गुन्हा नाही. गुन्ह्यासाठी त्याचा वापर केला तर आहे.

तिसऱ्या शनिवारी मात्र उलटेच घडले. अलार्म वाजला, गाडी निघाली, आणि गाडी दारात येईपर्यंत चोर आतच! मागचे कुंपण चढून निसटला, पण पिशवी टाकून. पिशवीत पटाशी, हातमोजे आणि फुलांच्या माळा बांधायची बारीक तार. माणूस तोच, पण आधीच्या वेळी डोळस आणि या वेळी आंधळा. असे का, ते कळेना.

सोमवारी सकाळी हजेरी आटोपून कॉफी ओतत होतो, तेवढ्यात निनावी फोन आला. अमुक घरातला भारतीय म्हातारा दिवसभर पोलिसांचा रेडिओ लावून बसतो आणि काहीतरी लिहून ठेवतो. आमचे लेफ्टनंट म्हणाले, "तुझीच माणसं आहेत. तूच जा."

दार सुनेने उघडले. माझा बिल्ला पाहून तिचा चेहरा उतरला. "ओ गॉड. बाबांना किती वेळा सांगितलं, ते मशीन बंद करा. शेजारी कम्प्लेंट करतील म्हटलं होतं ना!"

काका वरच्या खोलीत. पंचाहत्तरीचे. नागपूरला टेलिफोन खात्यात नोकरी झालेली, पत्नी गेल्यावर मुलाने इकडे आणलेले. गाडी चालवता येत नाही, त्यामुळे दिवसभर घरातच. टेबलावर स्कॅनर आणि शेजारी वह्यांची चळत. प्रत्येक पानावर वेळ, गाडीचा नंबर, पत्ता, काय घडले, सगळे सुवाच्य मराठीत.

माझे टाळके सरकले. "काका, चोर पकडायला आम्ही मरतोय आणि तुम्ही इथे बसून त्यांना रस्ता दाखवताय? कोणाला सांगता हे सगळं?"

"मंडळाच्या ग्रुपवर टाकतो," काका म्हणाले. "दिवसभर पोलीस कुठे कुठे गेलेत ते. लोकांनी काळजी घ्यावी म्हणून."

त्यांनी फोन दाखवला. 'नमस्कार. घरफोडीचा कॉल आहे. पोलीस शाळेमागच्या रस्त्यावर निघाले. सर्वांनी दारे लावून घ्यावीत. काळजी नसावी.' मंडळाचे दोनेकशे लोक त्या ग्रुपवर. चोराला स्कॅनरची गरजच नव्हती. काका त्याच्यासाठी फुकट, शुद्ध मराठीत पहारा देत होते.

मी आणखी ओरडलो. ग्रीन कार्ड काढून घेतील, परत पाठवतील, असे नाही नाही ते बोललो. काकांच्या डोळ्यांत पाणी आले. मग ते हळूच म्हणाले, "तुम्ही सतरा नंबर ना? बोलायच्या आधी खाकरता. चार वर्षं ऐकतोय मी तुम्हाला. मराठी माणूस आहे हे पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

रेडिओवर माझा नंबर तोच. मी खुर्चीवर बसलो. सुनेने न विचारता चहा आणून ठेवला.

वह्या चाळायला घेतल्या. तिसऱ्या शनिवारचे पान जवळजवळ कोरे होते. लिहिले होते: 'ताप. मशीन बंद. २.४० फोन, डेकोरेशनवाला. तब्येत विचारली. भला माणूस.'

"हा कोण?"

"आपल्या सगळ्या कार्यक्रमांना स्टेज सजवतो तो. म्हणाला, काका, आज मेसेज नाही तुमचा, बरं आहे ना? मी म्हटलं, बरा आहे, मशीन लावतोच आता, पण मग पुन्हा डोळा लागला. अहो, एवढ्या मोठ्या ग्रुपमध्ये त्या एकट्यानेच विचारलं."

त्या दिवशी अलार्म वाजला होता दोन पंचावन्नला.

कोर्टाचा हुकूम घेऊन डेकोरेशनवाल्याच्या फोनचे रेकॉर्ड मागवले. दोन चाळीसला तो फोन झाला तेव्हा तो अलार्म वाजलेल्या त्या तिसऱ्या घराच्याच आसपास होता. कोणाकडे कार्यक्रम आहे, कोण येणार, किती वाजता संपणार, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? सकाळी स्टेज सजवायचे, पाहुणे हॉलवर जमले की त्यांच्याच घरी जायचे.

त्याला बोलावले, हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाला. स्वतःच्या जिभेवर फार भरवसा. माझे वडील बैलबाजारात दलाल होते. रुमालाखाली बोटे धरून सौदा व्हायचा, आणि जो आधी उतावळा झाला तो बुडाला. मी पिशवीबद्दल अवाक्षर काढले नाही. पाऊण तास त्याच्या धंद्याबद्दल, फुलांबद्दल बोलत बसलो.

शेवटी तोच म्हणाला, "साहेब, मला कशाला बोलावलंय? ते काका बघा. पोलिसांचं सगळं ऐकतात आणि पसरवतात. तेच सामील असतील."

"काकांना तू फोन केलास."

"तब्येत विचारायला. म्हातारा माणूस आहे, यार."

"तब्येत बरी नाही हे कोणी सांगितलं?"

"मेसेज आला नाही, म्हणून वाटलं."

"शनिवारी दुपारी दोन चाळीसला तुला तो मेसेज कशासाठी हवा होता? आणि तू कुठे उभा होतास?"

मी पिशवीतले तारेचे भेंडोळे टेबलावर ठेवले. त्याने त्याच्याकडे बघितले, मग भिंतीकडे. "थोडं पाणी मिळेल?" म्हणाला. पाणी पिऊन त्याने तिन्ही घरे कबूल केली.

पण काका सुटले नव्हते. लेफ्टनंटना दोन आरोपी हवे होते. बातमी मोठी होते. "म्हाताऱ्याने मदत केली. हेतू काय होता ते कोर्ट बघेल." ग्रीन कार्डवरच्या माणसाला कोर्ट बघेपर्यंतच अर्धे आयुष्य संपते.

तिथे मी पुन्हा बाजारात बसलो. म्हणालो, "त्या वह्या आपल्या खटल्याचा कणा आहेत. साक्षीदाराच्या वह्या असल्या तर ज्युरी विश्वास ठेवेल. आरोपीच्या असल्या तर त्याचा वकील चिंध्या करेल. काय हवंय ते ठरवा."

"आणि त्या बदल्यात?"

"पत्रकारांपुढे तुम्ही उभे राहा. तपास तुमचा."

सौदा झाला. काका साक्षीदार ठरले. लेफ्टनंट पुढच्या वर्षी कॅप्टन झाले. तिसऱ्यांदा मुलाखतीला बसलो तेव्हा हे प्रकरण माझ्या नावावर नव्हते, आणि शेरा तोच होता. खोटे कशाला बोलू, ते अजून बोचते. स्वस्तात विकले असे काही दिवस वाटते, काही दिवस वाटत नाही.

खात्याने नंतर सगळे चॅनल सांकेतिक केले. काकांच्या मशीनवर नुसती खरखर उरली. मी भेटायला गेलो तर स्कॅनरवर भरतकामाचा रुमाल घातलेला. म्हणाले, "आता गावात काय चाललंय ते कळत नाही हो."

माणसाला बोलते कसे करायचे हे मला येते, असा माझा समज होता. त्या घरी आम्ही दोघे पोचलो, चोर फोनवरून आणि मी दारातून. चोराने तब्येत विचारली आणि मी दरडावले. एकट्या माणसाला काय हवे असते हे त्याने माझ्याआधी ओळखले होते. त्यानंतर कोणाचाही जबाब घेताना मी आधी विचारत असे, 'बरे आहात ना?' युक्ती म्हणून सुरू केले, पुढे सवय झाली.

आमच्याकडे निवृत्तीच्या दिवशी नियंत्रण कक्षातली डिस्पॅचर रेडिओवर तुमचा नंबर शेवटचा पुकारते आणि तुम्ही शेवटचे उत्तर देता. माझा दिवस आला तेव्हा भर दुपारी ठाण्याच्या अंगणात सगळे उभे होते, कॅप्टनसुद्धा. मी आधीच काकांना फोन लावून तो चालूच ठेवला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "सतरा," डिस्पॅचरने पुकारले. मी खाकरलो. म्हणालो, "सतरा. सेवा पूर्ण. सगळे जपून राहा."

संध्याकाळी काकांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वेळ, गाडीचा नंबर, आणि पुढे त्याच सुवाच्य अक्षरात: 'शेवटचा पुकार. आवाज स्पष्ट.'