खाऱ्या पाण्यातला फेस

चोर थैलीतला चांगला माल काढतो आणि त्याजागी भुसा भरतो. मी आयुष्यात एकदाच कुणाची थैली फोडली, आणि आतला स्वस्तातला माल काढून त्याजागी दुकानातला सगळ्यात महागडा माल भरला. तोही स्वतःच्या पेन्शनीतून. तरी मी चोरच ठरलो, आणि ठरवणाऱ्यांचं काही चुकलं नाही.

थैली माझ्या थोरल्या बहिणीची. तिला आम्ही बाई म्हणतो. अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यात तिचं गाव आहे. तिथल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं चहा नासतो, डाळ शिजत नाही, आणि साबण लावला तर फेसाऐवजी दह्यासारख्या गुठळ्या होतात. त्या गावात बाईच्या बचत गटातल्या सात बायका धुण्याची पावडर करतात. ताडपत्रीवर सगळं कालवायचं, चाळायचं, थैल्यांत भरायचं. रंग पिवळट, वास काहीच नाही, थैलीवर चित्र नाही. गावातल्या गावात खपून खपणार किती? दोघीजणी तर शिवणकामाकडे वळायच्या बेतात होत्या. अशात अकोल्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहानं दर महिन्याला पावडर घ्यायची तयारी दाखवली. अट एकच, आधी नमुना पाठवा, मुली वापरून पाहतील. बाईनं गटात सांगून टाकलं होतं, "हे काम भेटलं तं पावडर करू, नाई तं ताडपत्री गुंडाळून ठेवू."

नमुना पोचवायचं काम नेमकं माझ्याकडे आलं, कारण मी तिच्याकडे मुक्कामाला होतो आणि परत अमरावतीला निघालो होतो.

"अकोल्यात उतरून वसतिगृहाच्या मॅडमच्या हातात दे," बाई म्हणाली. "तोंड शिवलं हाय, फोडू नको."

"मी काय लहान पोरगं आहे का बाई?"

"लहान असतास तं सांगतलं नसतं. लहानपनी तू ऐकत होतास."

अकोल्यात पोचलो तर मॅडम दोन दिवस रजेवर. थैली शिपायाकडे ठेवायला मन होईना, म्हणून ती घेऊन मी सरळ अमरावतीला घरी आलो. तिथून माझी बुद्धी चालायला लागली. ती चालायला लागली की आमच्या घरात सगळे बाजूला होतात.

मला वाटलं, एकदा पाहावं तरी धुऊन. बायको म्हणाली, "आजपावतो एक रुमाल तरी धुतला काय तुमी?" मी लक्ष दिलं नाही. थैलीचं तोंड अलगद उसवलं, गच्चीवर दोन बादल्या मांडल्या, दोन बनियन भिजवले. एकात बाईची पावडर, दुसऱ्यात आमच्या मशीनसाठी घरात असते ती महागाची. आमच्या नळाला धरणाचं पाणी येतं, एकदम गोड. बाईच्या बादलीत फेस असा चढला की काठावरून वाहून गच्चीभर झाला. चार पाण्यानं खळबळूनही बनियन बुळबुळीतच. माझे हात चरचरायला लागले. दुसऱ्या बादलीत मात्र सगळं सभ्य. फेस बेताचा, एका पाण्यात निघालेला, आणि बनियनला फुलांचा असा वास, की घालून कुठंतरी भाषणाला जावं.

निकाल लागला. बाईची पावडर नापास होणार, सात बायकांचं काम जाणार. मग भावानं काय करायचं?

मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.

"काका, हातानं धुयाले पायजे का मशीनसाठी?" दुकानदारानं विचारलं.

"सगळ्यात भारी कोनती?"

"भारी तं मशीनवालीच हाय."

"मंग तेच दे. कमीपणा नको."

घरी येऊन बाईची पावडर एका डब्यात काढली, थैलीत नवी ओतली आणि सुईदोरा घेऊन तोंड शिवलं. बायको दारात उभी होती.

"बाईले इचारलं काय?"

"तिचं काम होते ना, इचाराचं काय त्यात?"

"तुमी ज्याचं ज्याचं काम करता," ती म्हणाली, "त्याले मंग दुसऱ्याच्या हातून करून घ्या लागते."

दोन दिवसांनी थैली मॅडमच्या हातात दिली. छाती पुढं काढूनच दिली.

पुढच्या आठवड्यात बाईचा फोन आला. आवाज बसलेला.

"नापास झाली रे बाबू. मॅडम म्हनते, फेसच येत नाई. पोरी मूठ-मूठ टाकून राहिल्या, तरी नुसतं पानीच. काम दुसऱ्याले देतो म्हने." मग जरा थांबून म्हणाली, "अन वास मात्र फुलाचा येते म्हने. बाबू, आपल्या पावडरीले फुलाचा वास कसा आला असन?"

मी घसा साफ केला. परत एकदा साफ केला.

"बोल ना."

"बाई, इथं रेंज नाई."

"रेंज हाय," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

बायकोनं स्वयंपाकघरातून पावडरीचा पुडा आणून माझ्यापुढं धरला. पाठीमागं छापलेलं होतं, मशीनसाठी, कमी फेस. "मशीनमंदी फेस जास्त झाला तं पानी भायेर येते. म्हनून फेस कमीच ठेवतात ह्यात. तुमी जिंदगीभर सरकारी कागद वाचले, एवढा एक पुडा वाचाले काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. मांडीवर बाईच्या पावडरीचा डबा. गावात पोचलो तर सातही बायका बाईच्या ओसरीत, आणि ताडपत्री खरंच घडी करून कोपऱ्यात. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसायला कुणी सांगितलंही नाही.

बाईनं विचारलं, "कोन्या पान्यात धुतले बनियन?"

"नळाच्या."

"अमरावतीच्या?"

"हो."

बायकांमध्ये आधी एक हसली, मग सगळ्या. एक म्हणाली, "गोड्या पान्यात तं राखेनंबी निघतात कपडे, भाऊ!" दुसरी म्हणाली, "हे पावडर खाऱ्या पान्याची हाय. सोडा वरून टाकतो आमी. तवा कुठी ते पानी मऊ होते, तवा फेस येते. तुमच्या नळाखाली हात चरचरतीनच."

बाई हसत नव्हती. ती ताडपत्रीकडे बघत होती.

"तुले आमची पावडर हलकी वाटली?"

मी हातातला डबा खाली ठेवला.

"गावातलं कोनी हलकी म्हनलं तं मी भांडतो. तूच म्हनलं तं कोनाशी भांडू?"

फोनवरचा तो 'वास कसा आला' एकवेळ परवडला असता. ह्या प्रश्नानं मी खाली बसलो. मग म्हणालो, "बाई, माझ्याशी भांड. पन आधी अकोल्याले चाल."

वसतिगृहाच्या मॅडम ऑफिसात रजिस्टर चाळत होत्या. बाईनं आडपडदा ठेवला नाही. "मॅडम, ते पावडर आमची नोती. ह्या माह्या भावानं बदलवली."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का बरं?"

"प्रेमानं," मी म्हणालो.

"मग प्रेमानंच धुवा," त्या म्हणाल्या आणि अंगणातल्या बोअरच्या नळाकडे बोट दाखवलं.

मुली वर्ग करून येत होत्या. एक पांढरा कुर्ता आला, कबड्डीच्या मैदानावरची काळी माती लागलेला. आपल्याकडची काळी माती कापूस पिकवते तशीच कापसाला धरूनही बसते. बोअरचं पाणी असं खारं की चूळ भरली तर तोंड वाकडं व्हावं. मी बादली भरली आणि बाईच्या डब्यातून अर्धी मूठ पावडर टाकली. ढवळलं. काहीच नाही. माझ्या मागं मुली कुजबुजायला लागल्या. बाई म्हणाली, "घाई नको करू. पान्याले येळ दे." आणि हळूहळू पाण्यावर पांढरी साय धरल्यासारखा फेस आला. उतू जाणारा नाही, वाहणारा नाही, पण बोटांना धरून राहणारा. कुर्ता घासता घासता माझ्याच तोंडाला फेस आला, पण पाणी काळं होत गेलं आणि कापड पांढरं होत गेलं. दोन पाण्यात निघालं. हात पाहिले. चरचर नव्हती.

ज्या मुलीचा कुर्ता होता तिनं तो पिळून उन्हाकडे धरला, डाग होता तिथं नखानं खरवडून पाहिलं, आणि काही न बोलता आत गेली. परत आली ती हातात आणखी दोन कपडे घेऊन.

"काका, हे बी."

मागोमाग दुसरी आली, मोजे घेऊन. तिसरीनं अख्खी चादर आणली. मॅडम म्हणाल्या, "अगं, त्यांना सोडा! आपापले कपडे आपण धुवा, पावडर तीच घ्या." आणि पाच-सहा मुली बादल्या घेऊन नळाशी बसल्या. बाई साडीचा पदर खोचून त्यांच्यात जाऊन बसली. पावडर किती घ्यायची, किती वेळ थांबायचं, सगळं सांगायला लागली. तिच्या आवाजातला बसकेपणा कधी गेला ते मला कळलं नाही.

निघताना मॅडम म्हणाल्या, "एक तारखेपासून सुरू करा, बाई. फक्त माल पोचवायला दुसरं कुणीतरी पाठवा."

"तो नाई येत आता," बाई म्हणाली. "सोमवारपासून चाळनीवर बसवतो त्याले. हप्त्यातून दोन दिवस."

आणि बसवलंच. नाकाला उपरणं बांधून मी आता दर सोमवारी आणि मंगळवारी सात बायकांच्या मधोमध बसून पावडर चाळतो. त्यांना वसतिगृहाशेजारच्या एका खानावळीचीही विचारणा आली आहे, तिथले टेबलक्लॉथ हळदीनं माखलेले असतात म्हणे. काल बाईनं मूठभर पावडर तळहातावर घेऊन मला विचारलं, "बाबू, हळदीसाठी अजून काय टाकावं लागन, तुले काय वाटते?"

मी म्हणालो, "बाई, आधी त्यांच्या नळाचं पानी आनून पाहू."