कस्तुराबाईची झोळी

माझी आई कस्तुराबाई मेंढरांमागं चालत वाढली आणि चालतच संसार केला. उचलून न्यायचे लाड तिच्या वाट्याला कधी आले नाहीत. अशी बाई एकदा दिवसभर घोंगडीच्या झोळीत पडून सोलापूरला आली, ती माझ्यापायी. मी तिच्या पोटात होते आणि सातव्या महिन्यातच बाहेर यायची घाई मला झाली होती.

माझ्याआधीची दोन अशीच गेली होती. दुसऱ्याच्या वेळी तिला दवाखान्यात न्यायला बैलगाडीत घातलं. चाकाखाली धोंडा आला की कळ वाढायची, आणि शहर दिसायच्या आधीच सारं संपलं. म्हणून या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा माझी आजी म्हाळसाबाई गाडीच्या आडवी उभी राहिली.

"गाडी न्हाय म्हंजी न्हाय. खांद्यावरनं न्या."

माझा बाप धुळा, चुलता गुंडा आणि मेंढरांच्या तळावरचे आणखी दोघं आळीपाळीनं खांदा देणार होते. घोंगडी बांबूला बांधून आईला आत निजवलं. डोकं पुढं ठेवलं, कारण पाय पुढं करून माणूस एकदाच जातं. बापानं मागची बाजू घेतली, तिच्या पायांशी.

घोंगडी दोन्ही अंगांनी तिच्यावर मिटली. आत अंधार, लोकरीचा वास आणि चैत्रातली धग. कूस बदलायची नाही, ओरडायचं नाही, रडायचंही नाही. रडलं की पोट आवळतं, असं आजीनं बजावलं होतं. वर आणखी एक हुकूम होता. "येक हात भाईर ऱ्हाऊ दे. बांगड्या दिसू देत."

तो कशासाठी, ते पहिल्याच गावात कळलं. वेशीत बसलेल्या एका शहाण्यानं बांबू आणि घोंगडी पाहून वाट अडवली. "मढं गावातनं न्यायचं न्हाय. वड्यातनं जावा."

ओढा सगळा धोंड्यांचा. आजी त्याच्या अंगावरच गेली. "मढं कुनाला म्हनतोस रं? जित्ती हाय माजी सून! बग की बांगड्या!"

आईनं आतून हात हलवला, तेव्हा तो मेला बाजूला झाला. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण अजून माफही केलेलं नाही.

पुढं प्रत्येक गावात तेच. हात बधिर झाला तरी बाहेर.

गिरणीची चिमणी दिसायला लागली, असं बाप म्हणाला, आणि नेमकी तेव्हाच मोठी कळ आली. आईनं हात आत ओढला आणि दोन्ही हातांनी पोट खालून धरलं. हात सुटला तर मूल निसटेल, असं तिला पक्कं वाटलं. हसायचं त्यांनी हसावं.

बाहेरच्यांना बांगड्या दिसेनाशा झाल्या. आजीचा हुंदका आला. झोळीत डोकावायची कुणाची छाती होईना. शेवटी गुंडा हळूच म्हणाला, "दादा, खाली ठिवायचं का?"

आई सांगायची, तेवढी भीती पुन्हा कधी वाटली नाही. ही माणसं मला इथंच उतरवून रडत बसणार. ओरडावं तर पोट आवळणार, हात काढावा तर मूल जाणार. पाय तेवढे रिकामे होते. तिनं एक पाय घोंगडीबाहेर काढला आणि जोडव्यांसकट बापाच्या पोटाला लावला.

नवऱ्याला पाय लावणं केवढं पाप! बाप भर रस्त्यात रडत रडत हसायला लागला. "चला रं, चला! लाथ मारतीया!"

दवाखान्यात पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून तिला निजवलं. तिथंही हलायचं नाही. मेंढरांबरोबर बाप पुढं गेला, आजी तेवढी राहिली. उभ्या जन्मात एका जागी न थांबलेली बाई वैशाख निम्मा सरेपर्यंत छताकडं बघत पडली.

तरी मी लवकरच झाले. मूठभर, आणि आवाज नाही. नर्सबाईनं मला कापसात पार झाकून टाकलं आणि ती दाराकडं निघाली. असली गाठोडी आईनं दोनदा जाताना पाहिली होती.

"बाई, हात भाईर काडा की तिचा."

"गार लागेल तिला."

"येकच हात. मला बगू द्या."

नर्सबाई थांबली. काय उमगलं कोण जाणे, परत आली, कापूस जरासा बाजूला केला आणि माझा हात आईच्या बोटावर ठेवला. मी ते बोट धरलं.

तेव्हा आई रडली. तळावरून निघाल्यापासून पहिल्यांदाच, आणि चांगली मोठ्यानं. आता पोट आवळलं तरी चालणार होतं.